डेल्टा किंग: पूल झाला आणि बोट हॉटेल झाली

डोलकाठी

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो शहराच्या जुन्या भागात नदीकाठाला एक पांढरी चार मजली बोट कायमची बांधलेली आहे. मागच्या टोकाला पाणी ढकलायचं भलंथोरलं लाल चाक. आत उपाहारगृह, बार, एक छोटं नाट्यगृह आणि मुक्कामाला ४४ खोल्या. नाव डेल्टा किंग. तिकडे फिरून आलेल्यांच्या फोटोंत ते चाक हमखास असतं, बोटीची हकिगत मात्र कुणी सांगत नाही. ती सांगण्यासारखी आहे, म्हणून धागा काढतोय. लांबण लागेल, आधीच सांगून ठेवतो.

१९२०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि सॅक्रामेंटो यांच्यामधला आरामाचा प्रवास म्हणजे रात्रीची बोट. संध्याकाळी चढायचं, जेवायचं, झोपायचं आणि पहाटे दुसऱ्या शहरात उतरून कामाला लागायचं. साधारण दहा तासांची वाट. या मार्गासाठी कॅलिफोर्निया ट्रान्सपोर्टेशन कंपनीने एकदम दोन नव्या बोटी बांधायला घेतल्या, डेल्टा किंग आणि डेल्टा क्वीन. जुळ्याच म्हणा. एक इकडून सुटायची तेव्हा दुसरी तिकडून.

सांगाडा पोलादी हवा होता. तो बनवून घेतला स्कॉटलंडमध्ये, डंबार्टनच्या डेनी गोदीत. ('कटी सार्क' हे चहा वाहणारं प्रसिद्ध शिडाचं जहाज मूळ गोदीचं दिवाळं निघाल्यामुळे अर्धवट राहिलं होतं, ते पुरं केलं ती हीच डेनी.) तिथे सगळे पत्रे बोल्टांनी जोडून पाहिले, तुकड्यातुकड्यावर क्रमांक टाकले, पुन्हा सुटे केले आणि जहाजात भरून कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला पाठवले. चाकाचा आस जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात घडवला. वरचे मजले मात्र स्टॉक्टनमध्येच चढले, आणि ते लाकडाचे. हे लाकूड लक्षात ठेवा. पुढे त्यावरून गोष्ट थेट अमेरिकन संसदेत जाते.

२० मे १९२७ रोजी दोन्ही बोटींचं नामकरण झालं. आणि दुसऱ्याच दिवशी, २१ मे १९२७ला, याच दोन शहरांच्या वाटेवरच्या कार्किनेझ सामुद्रधुनीवरचा पूल खुला झाला. कादंबरीत असा योगायोग घातला तर संपादक काढून टाकेल. तोवर मोटारवाल्याला तिथे गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे जावं लागायचं. आता तो सरळ निघाला. म्हणजे बोटींचं तिकीट विकायला सुरुवात होण्याआधीच त्यांच्या धंद्याची घटका भरायला लागली होती.

तरी पहिली काही वर्षं झोकात गेली. खालच्या डेकवर शेतमाल आणि मोटारी, वर ओक आणि महोगनीच्या दिवाणखान्यात पांढऱ्या चादरीची टेबलं, वाजंत्री, नाच. देशात दारूबंदी चालू होती, ती १९३३मध्ये उठली. बोटीवर मात्र ती कधी फारशी चढलीच नव्हती. नदीत निघालेल्या बोटीवर रात्रभर कोण तपासणीला येणार? जुगारही चाले. थोडक्यात, लोक पोचण्यासाठी चढत होते त्यापेक्षा चढण्यासाठीच चढत होते, असं म्हटलं तरी चालेल.

मग मंदी आली, रस्ते सुधारले आणि नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा बे ब्रिज झाला. आता गाडी घरातून काढली की सॅक्रामेंटोपर्यंत मध्ये कुठे पाणी आडवं येत नव्हतं. सप्टेंबर १९४०मध्ये रात्रीची सेवा बंद पडली.

लगेच नौदलाने दोघींना ताब्यात घेतलं आणि करडा रंग फासला. सैनिकांना राहायला जागा, नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात माणसं आणि जखमी इकडून तिकडे नेणं, अशी कामं केली. लढाई संपल्यावर जुळ्यांची ताटातूट झाली. क्वीनचं पुढे कधीतरी सांगेन. किंग १९५२मध्ये उत्तरेला कॅनडात गेली, ब्रिटिश कोलंबियातल्या किटिमॅटला. तिथे ॲल्युमिनियमचा प्रचंड कारखाना उभा राहत होता आणि रानात मजुरांना राहायला घरं नव्हती. मग ज्या खोल्यांत शॅम्पेन फुटली होती त्यांत बांधकामाचे मजूर झोपू लागले. १९५९मध्ये ती ओढून परत कॅलिफोर्नियात आणली.

त्यानंतरची पंचवीस वर्षं म्हणजे नुसती फरफट. मालक बदलले, कोर्टकज्जे झाले, बेत आखले आणि विरले. १९७८मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नाव लागलं, पण यादीत नाव लागल्याने पाणी आत यायचं थांबत नाही. १९८१मध्ये रिचमंडच्या धक्क्याला बांधलेली असताना ती बुडाली. वर्षाहून जास्त काळ तशीच अर्धी पाण्यात बसून होती. मग वर काढली, १९८४मध्ये नव्या मालकांनी घेतली, सॅक्रामेंटोला आणली आणि पाच वर्षं खपून मे १९८९मध्ये हॉटेल म्हणून उघडली. मूळच्या खोल्या अगदीच चिमुकल्या होत्या, त्या एकमेकींत मोडून ४४ केल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे: तरंगतं हॉटेल म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण पूल झाल्यावर नदीच्या बोटीला मिळणारा हा बहुतेक वेळा एकमेव बरा धंदा असतो. दुसरा पर्याय भंगारवाला. संग्रहालय वगैरे फार थोड्यांच्या नशिबी.

निवांतपणी

मस्त लिहिलंय! मी दोनदा तिथे जेवले आहे, पण नदीकडची खिडकी मिळावी यापलीकडे डोक्यात काही नव्हतं. ती बोट कधी पाण्याखाली होती हे ऐकून आता जरा विचित्र वाटतंय. ;)

एक निरीक्षण. उन्हाळ्यात काठावरून बोटीवर जायचा पूल बऱ्यापैकी खाली उतरतो आणि पावसाळ्यात (तिकडचा पावसाळा म्हणजे हिवाळा) तोच जवळजवळ सपाट असतो. नदी इतकी वरखाली होते?

डोलकाठी

होते तर. सॅक्रामेंटोला उन्हाळ्यातलं पाणी आणि मोठ्या पुरातलं पाणी यांत वीस फुटांहून जास्त फरक पडतो. त्यामुळे धक्का, चढायचा पूल, पाण्याचा नळ, सांडपाण्याचा नळ, विजेच्या तारा, गॅस, सगळं बोटीबरोबर वरखाली होईल असं लवचिक ठेवावं लागतं. काठावरच्या हॉटेलवाल्याला ही कटकट नसते.

वाफाळ

धागा उत्तम, निष्कर्षाशी असहमत.

किंगचं बॉयलर आणि इंजिन कुठे आहे? नाही. चाक फिरतं का? स्वतःच्या जोरावर नाही. मग जे उरलं ते बोटीच्या आकाराचं उपाहारगृह. वाफेच्या बोटीचा जीव डेकखाली असतो आणि हॉटेल करताना नेमकी तीच जागा आधी रिकामी होते, कारण तिथे कोठारं आणि मुदपाकखाना करायचा असतो. गिऱ्हाइकाला झुंबर दिसतं, इंजिन दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे कोण देणार?

इंग्लंडमधलं उदाहरण बघा. हंबर नदीच्या मुखावर हल आणि न्यू हॉलंड यांच्यामध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेची फेरीबोट सेवा चालायची. तिच्यासाठी १९३४मध्ये वेस्ट हार्टलपूलच्या विल्यम ग्रे गोदीने दोन बोटी बांधल्या, टॅटरशॉल कॅसल आणि विंगफील्ड कॅसल. पुढे १९४०मध्ये ग्लासगोच्या ए. अँड जे. इंग्लिसने तिसरी बांधली, लिंकन कॅसल. तिन्ही कोळशावरच्या, दोन्ही बाजूंना चाकं. हंबरमध्ये गाळाचे आणि वाळूचे दांडे सतत जागा बदलतात, म्हणून बोट उथळ हवी, आणि उथळ बोटीला बाजूची चाकं सोयीची. ओहोटीला चांगलीच कसरत व्हायची. युद्धात टॅटरशॉलवरून विमानविरोधी फुगे बांधून सोडले होते आणि पुढे रडार बसवलेल्या पहिल्या काही नागरी बोटींत तिचा नंबर होता. सांगायचा मुद्दा, साध्यासुध्या बोटी नव्हत्या.

तिथेही पूलच आडवा आला. हंबर पूल, दोन मनोऱ्यांमधला गाळा १,४१० मीटरचा, उघडला तेव्हा जगात सगळ्यात लांब. २४ जून १९८१ला पूल वाहतुकीला खुला झाला आणि त्याच दिवशी फेरीबोट सेवा बंद.

आता तिघींचं काय झालं? टॅटरशॉल आधीच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाली होती. ती लंडनला थेम्सवर आणली, १९७६मध्ये चित्रांचं दालन केलं आणि १९८२पासून ती पब-उपाहारगृह आहे, आजही गर्दीत. विंगफील्ड हार्टलपूलला तिच्या जन्मगावी परत गेली आणि संग्रहालयाच्या गोदीत उभी आहे. लिंकन कॅसल १९७८पर्यंत चालली, ब्रिटनमधल्या नियमित सेवेतल्या कोळशावरच्या चाकांच्या बोटींत शेवटची. तिचंही पब-उपाहारगृह केलं. आधी हेसलला, त्याच पुलाच्या पायथ्याशी (!), मग ग्रिम्सबीच्या गोदीत. धंदा बसला, देखभाल थांबली आणि २०१०मध्ये तिला भंगारात काढली. वाचवायला माणसं धावली होती, पण तोवर उशीर झाला होता.

म्हणजे हॉटेल हा उपाय नाही, नुसती मुदतवाढ आहे. जोवर गल्ला भरतोय तोवर.

खडूस काका

पुलाच्या पायथ्याशी बांधून ठेवली? ज्याने धंदा बसवला त्याच्याच दारात पानं मांडायची! एवढा अपमान तर आमच्याही नशिबी आला नाही.

वाफाळराव, मुदतवाढ कोणाला नको असते? आम्हालाही गोळ्या-औषधांवर तीच मिळते आहे.

निवांतपणी

काका :D

डोलकाठी, क्वीनचं "कधीतरी" चालणार नाही. आत्ताच सांगा.

डोलकाठी

सांगतो, आणि वाफाळ यांना उत्तरही त्यातच आहे.

ओहायो आणि मिसिसिपीवर ग्रीन लाइन नावाची घराण्याची कंपनी बोटी चालवायची. कॅप्टन टॉम ग्रीन यांनी १९४६मध्ये क्वीन ४६,२५० डॉलरला घेतली. पण ही नदीची बोट पॅसिफिकच्या काठाला, आणि हवी होती मिसिसिपीत. मग चहूबाजूंनी फळ्या ठोकून तिचं खोकं केलं आणि १९४७मध्ये ती समुद्रातून ओढत, पनामा कालव्यातून, न्यू ऑर्लिन्सला नेली. पाच हजार मैलांहून जास्त अंतर. ज्या बोटीने कधी नदी आणि उपसागर सोडून दुसरं पाणी पाहिलं नव्हतं, ती असा प्रवास करून शाबूत पोचली याचं श्रेय डेनीच्या सांगाड्याला दिलंच पाहिजे.

१९४८पासून ती पर्यटकांना घेऊन नद्यांतून फिरू लागली. टॉम ग्रीन यांच्या आई मेरी ग्रीन स्वतः परवानाधारक कप्तान होत्या, त्या क्वीनवरच राहायच्या आणि १९४९मध्ये बोटीवरच वारल्या.

आता ते लाकूड. १९६०च्या दशकात प्रवासी जहाजांना आगी लागल्या, माणसं दगावली, आणि १९६६मध्ये अमेरिकेने नियम कडक केले: ५० किंवा त्याहून जास्त प्रवाशांना रात्री घेऊन जाणारं जहाज अग्निरोधक बांधणीचंच हवं. कायदा समुद्रावरच्या जहाजांना डोळ्यांसमोर ठेवून केला होता, पण कचाट्यात सापडली लाकडी मजल्यांची क्वीन. नदीत दोन्ही बाजूंना काठ जवळच असतो, असं म्हणून संसदेकडून तिने सूट मिळवली. ती सूट वारंवार वाढवून घेत घेत बोट २००८पर्यंत फिरली. त्या वर्षी सूट मिळाली नाही. मग क्वीन टेनेसीत चॅटनूगाला बांधली आणि तिचं काय केलं? हॉटेल! २०१५मध्ये ती लुइझियानात हूमाला नेली. २०१८च्या डिसेंबरात सूट पुन्हा मंजूर झाली, पण मधल्या काळात तिची इतकी आबाळ झाली होती की प्रवासी घेऊन ती परत निघालेली नाही.

तर बघा. इंजिन शाबूत असलेली, फिरती, राष्ट्रीय मानाचं स्थान मिळालेली क्वीन आज रिकामी उभी आहे, आणि इंजिन गेलेली, एकदा बुडालेली किंग रोज संध्याकाळी दिवे लावून लोकांना जेवू घालते आहे. आता जीव कुठे असतो ते तुम्हीच ठरवा.

वाफाळ

क्वीनवर पुन्हा वाफ धरता येईल. किंगवर नाही. माझं उत्तर तेच.

गंजरोधक

मी गोदीत काम करतो, त्यामुळे राजा-राणीत न पडता तळाबद्दल लिहितो.

बॉयलर आणि इंजिन काढलं की कित्येक टन वजन नेमकं तळातून जातं. बोट हलकी होऊन वर येते आणि तिचा तोल बिघडतो. त्यात वरच्या मजल्यांवर स्वयंपाकघर, शीतकपाटं, गालिचे, बार आणि माणसं चढतात. शंभर-दीडशे जण आतषबाजी बघायला एकाच कठड्याशी गेले तर बोट त्या अंगाला कलते. म्हणून तळात तोल राखायला वजन टाकावं लागतं, लोखंड किंवा काँक्रीट. हे हिशेब करून झालं तर ठीक. पण "आता कुठे जायचंय तिला" म्हणत अंदाजपंचे केलं की गोंधळ. आणि काँक्रीट तळावर सरळ ओतलं तर त्याखालचा पत्रा पुन्हा कधी तपासता येत नाही. मी असा तळ फोडताना पाहिला आहे, खाली पत्र्याऐवजी तपकिरी भुगा निघाला.

फिरत्या बोटीला ठरावीक काळाने सुक्या गोदीत चढवावंच लागतं, परवान्याची अटच असते. बांधलेल्या बोटीच्या मालकाला तिथे न्यायचं म्हणजे हॉटेल महिनोन्‌महिने बंद, सगळे नळ-तारा तोडा, ओढबोट लावा, विमा काढा, आणि वाटेत मध्येच नवा बुटका पूल झालेला असला तर प्रश्नच मिटला. म्हणून टाळाटाळ होते. पाणबुड्याकडून तपासणी, ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी मोजणं, हे चालतं, पण रंग काही पाण्याखाली नीट लागत नाही. सगळ्यात आधी खातो तो पाण्याच्या रेषेवरचा पट्टा, जिथे ओलं-कोरडं चालू असतं. त्यात किनाऱ्यावरची वीज बोटीला जोडलेली. जोडणी चुकली की तळाचा पत्रा विजेमुळे झपाट्याने झिजायला लागतो.

अशा बोटी वादळात क्वचित बुडतात. एक छोटं भोक, एक बंद पडलेला पंप आणि रात्रपाळीला कुणी नाही, एवढं पुरतं. किंग धक्क्याला बांधलेली असताना बुडाली याचं मला काडीचंही आश्चर्य नाही. गोड्या पाण्यात निदान गंज हळू धरतो, ही नदीच्या बोटींची जमेची बाजू.

वाफाळ, लिंकन कॅसल गंजाने गेली असं लोक म्हणतात. गंज शेवटी येतो. आधी पैसे संपतात.

पाणवाट

माहितीपूर्ण प्रतिसाद. मिसिसिपीवरच्या सेंट लुइसचा विषय निघायला हवा होता, अजून कसा निघाला नाही? ते गाव म्हणजे अशा बोटींचं शेवटचं बंदर होतं.

वर ग्रीन लाइनचा उल्लेख आला. त्यांचीच गॉर्डन सी. ग्रीन नावाची बोट, १९२३ची, क्वीनची थोरली सहकारी. १९५२मध्ये ती निवृत्त झाली आणि तरंगतं हॉटेल-उपाहारगृह म्हणून गावोगाव फिरवली गेली, ओहायोपासून फ्लोरिडापर्यंत. शेवटी रिव्हर क्वीन हे नाव घेऊन सेंट लुइसच्या धक्क्याला लागली. डिसेंबर १९६७मध्ये तिथेच बुडाली. गंजरोधक म्हणतात तशीच, बांधल्या जागी.

तिच्याच धक्क्यावरची दुसरी म्हणजे गोल्डनरॉड, १९०९चं तरंगतं नाट्यगृह. हिला जन्मापासून इंजिनच नव्हतं, दुसरी बोट ढकलायची. १९३७पासून सेंट लुइसला. जेवण आणि नाटक एका तिकिटात. १९६७मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. पुढे जागा बदलत बदलत इलिनॉयमध्ये काठावर पडून राहिली आणि २०१७मध्ये जळाली. वाफाळ, तुमच्या व्याख्येत ही बोट कुठे बसते?

आणि ॲडमिरल! मूळ १९०७ची आल्बट्रॉस, रेल्वेचे डबे नदीपार नेणारी. (पुलाने तिलाही बेकार केलं, वेगळं सांगायला नकोच.) १९४०मध्ये तिला चंदेरी पत्र्याचं नवं रूप देऊन सहलीची बोट केली, पाच डेक, नाचायला प्रचंड दालन आणि सेंट लुइसच्या उकाड्यात वातानुकूलन. लोक त्या गारव्यासाठीच जायचे म्हणे. सत्तरच्या दशकाअखेरीस तिचं फिरणं थांबलं, इंजिनं गेली आणि १९९४पासून ती बांधलेला जुगारखाना झाली.

४ एप्रिल १९९८च्या रात्री ॲन हॉली नावाची ढकलबोट चौदा तराफे घेऊन नदीतून वर चालली होती. पाणी चढलेलं. ईड्स पुलाखाली तराफे खांबाला आपटले, ताफा फुटला आणि सुटलेले तराफे प्रवाहाबरोबर खाली येऊन ॲडमिरलवर आदळले. बोटीवर दोन हजारांच्या आसपास माणसं. बांधलेले दोर एकामागून एक तुटले, बोट काठापासून सुटून फिरली आणि जेमतेम एका दोरावर लटकली. इंजिन नाही, सुकाणू नाही, चालवायला खलाशी नाहीत. ॲन हॉलीच्या कप्तानाने उरलेले तराफे सोडून दिले, स्वतःची ढकलबोट पुढे घातली आणि ॲडमिरलला टेकून धरून ठेवली, सगळे उतरेपर्यंत. पन्नासेक जणांना किरकोळ दुखापती झाल्या, जीव एकाचाही गेला नाही. ॲडमिरल पुढे २०११मध्ये मोडीत निघाली.

इंजिन काढल्याचा खरा तोटा मला यात दिसतो. वारसा वगैरे नंतर.

निवांतपणी

बापरे. पुढच्या वेळी खिडकीऐवजी दोर बघून बसेन.

कलम क्रमांक

इथे सगळे "बोट, बोट" म्हणताहेत म्हणून विचारतो, कायद्याच्या नजरेत किंग बोट आहे का? हा प्रश्न चैनीचा नाही. बोट असेल तर नौकानयनाचा कायदा लागतो: कर्जासाठी थेट बोटीवर टाच येऊ शकते, वेटर पाय घसरून पडला तर तो खलाशाच्या हक्काने मालकावर दावा लावायचा प्रयत्न करू शकतो, तपासणी तटरक्षक दलाची. बोट नसेल तर इमारतीचे नियम: गावचं अग्निशमन खातं, पाण्याचे फवारे, बाहेर पडायचे मार्ग, आणि कामगाराला राज्याच्या नुकसानभरपाईच्या कायद्याने मिळेल ते.

अमेरिकेत याचा मोठा निकाल जानेवारी २०१३मध्ये लागला, लोझमन विरुद्ध रिव्हिएरा बीच. फ्लोरिडातल्या एका माणसाचं तरंगतं घर, प्लायवूडचं, मोठ्या काचेच्या दारांचं, स्वतःहून हलू न शकणारं. गोदीचं भाडं थकलं म्हणून नगरपालिकेने नौकानयन कायद्याखाली ते जप्त केलं आणि लिलावात घेऊन मोडूनही टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की तरंगतं ते सगळं जहाज नव्हे. तिची बांधणी आणि वापर पाहून, ही माणसं किंवा माल पाण्यावरून वाहून न्यायला केली आहे असं एखाद्या समंजस माणसाला वाटेल का, ही कसोटी.

गंमत अशी की हॉटेल झालेली नदीची बोट या कसोटीवर बरोब्बर कुंपणावर बसते. बांधणी म्हणाल तर नखशिखांत बोट, वापर म्हणाल तर इमारत. किती काळ बांधलेली आहे, इंजिन आहे का, सुकाणू चालतं का, काठाशी जोडण्या किती पक्क्या, हे सगळं बघावं लागतं. क्वीनला नडलेला रात्रीच्या प्रवाशांचा कायदा किंगच्या ४४ खोल्यांना नडत नाही, तोही याचमुळे. तिथे मुक्काम करणारा कुठे जात नाही.

खडूस काका

म्हणजे लग्न झालं, संसार झाला, पण नोंदणी कुठल्या खात्यात करायची ते ठरेना!

एक साधा प्रश्न. इतकी चर्चा झाली, यांतली एकतरी बोट अजून वाफेवर फिरते का? की सगळ्या हॉटेलात नाहीतर भंगारात?

वाफाळ

काका, फिरतात. दोन सांगतो.

केंटकीत लुइव्हिलला बेल ऑफ लुइव्हिल. १९१४ची, पिट्सबर्गला बांधलेली, मूळ नाव आयडलवाइल्ड. १९६२मध्ये लिलावात निघाली तेव्हा स्थानिक काउंटीच्या न्यायाधीशाने ३४,००० डॉलरला सरकारी पैशाने घेतली. लोकांनी उधळपट्टी म्हणून शिव्या घातल्या. पुढच्याच वर्षापासून डर्बीच्या (तिथल्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीच्या) आठवड्यात तिची आणि डेल्टा क्वीनची शर्यत लागू लागली आणि गाव बोटीच्या प्रेमात पडलं. मिसिसिपी धाटणीच्या चालू बोटींत ती सगळ्यात जुनी.

दुसरी स्कॉटलंडची वेव्हर्ली. लिंकन कॅसल बांधणाऱ्या त्याच इंग्लिस गोदीची, १९४६ला पाण्यात उतरलेली. १९७४मध्ये मालक कंपनीने ती एका हौशी संस्थेला एक पौंडाला देऊन टाकली. समुद्रात जाणारी चाकांची प्रवासी आगबोट जगात आता तेवढीच उरली आहे. त्यानंतर बॉयलर बदलायला आणि दुरुस्त्यांना लाखो पौंड वेळोवेळी लोकांकडून गोळा करावे लागले. तिच्यात इंजिनखोली उघडी आहे, प्रवासी कठड्याला टेकून भुजा फिरताना बघत उभे राहतात.

डोलकाठी

आणि वेव्हर्लीवर जेवणघर आहे, बार आहे. त्याचं उत्पन्न कोळशाच्या नाही तरी तेलाच्या खर्चाला लागतंच की, वाफाळराव.

वाफाळ

लागतं. चाक फिरत असताना मीही जेवेन.